सहावा वाफा

"हे पान आहे की खारीक?" शेफ कर्णिकांनी विचारलं.

इस्माईलचाचांनी ते तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "पान आहे, साहेब."

"ते मलाही दिसतंय, चाचा. काळं का आहे, ते विचारतोय."

"झाडावर हिरवं होतं."

"झाडावर सगळीच हिरवी असतात!"

चाचांनी यावर थोडा विचार केला. "तिसऱ्या वाफ्यातली जांभळी असतात," ते म्हणाले.

मी शेजारच्या ओट्यावर लसूण सोलत होते. त्या दिवशी मी मान खाली घालून दोन दिवसांचा लसूण सोलून ठेवला. पान काळं का पडतं, हे त्या स्वयंपाकघरात एकट्या मला ठाऊक होतं आणि अडीच महिने मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, एका मालकांनी पेरूची जुनी बाग विकत घेऊन तिथे हॉटेल काढलं होतं. खोल्या बारा, समोर पाणी, मागे द्राक्षाचे मळे. मुंबईची माणसं शनिवार-रविवार यायची, वाईन प्यायची आणि बुडत्या सूर्याचे फोटो काढायची. सूर्य मुंबईतही बुडतो, पण ते असो. शेफ कर्णिक दादरचे. नऊ वर्षं इटलीच्या एका बोटीवर स्वयंपाक करून आले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना बेसिलचं वेड होतं.

कोठीघराच्या मागे, दोनशे पावलांवर, हिरव्या जाळीखाली त्यांनी सहा वाफे करून घेतले होते. मी कामावर लागले त्या दिवशी त्यांनी मला प्रत्येक वाफ्याशी नेलं, लग्नात पाहुण्यांची ओळख करून देतात तसं. पहिल्यात इटलीची, मोठ्या पोपटी पानांची. ती काजू, लसूण, चीज आणि तेल घालून वाटायची. त्याचा पेस्टो होतो, तो शेवयांना लावायचा. दुसरीचं झुडूप गोल आणि पानं मेथीपेक्षा बारीक. ती टोमॅटोवर अख्खीच भुरभुरायची. तिसरी जांभळी. ती व्हिनेगरात बुडवून ठेवली की व्हिनेगर गुलाबी व्हायचं आणि शेफ ती बाटली खिडकीत धरून उगाच बघत उभे राहायचे. चौथीला लिंबाचा वास. ती माशाच्या पोटात भरायची. पाचवी थायलंडची, तिला बडीशेपेचा वास. ती नारळाच्या दुधाच्या रश्श्यात, तीही अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर.

सहाव्या वाफ्याशी आलो तेव्हा शेफ म्हणाले, "आणि ही तर आपलीच."

आपलीच होती. काळसर देठाची कृष्ण तुळस. माझ्या अंगणात होती तश्शी.

"ही कशात घालतात?" मी विचारलं.

"कोंबडीच्या खिम्यात. मिरची, लसूण आणि मोठी आच."

"आणि त्या बाकीच्या पाच?" मी विचारलं.

"सगळ्या तुळशीच्याच बहिणी, मथुराबाई," शेफ म्हणाले आणि चालू लागले.

त्यांनी ते सहज म्हटलं, पण माझ्या दृष्टीनं तिथे निकाल लागला. पाचजणींना मंजिऱ्या तुळशीसारख्या, पानांची बैठक तुळशीसारखी, आणि वर शेफसारखा शिकलेला माणूस सांगतो की बहिणी. मग एकीला एक नियम आणि दुसरीला दुसरा, असं कसं करणार? माझ्या सासूबाई माळकरी. सूर्य मावळला की तुळस खुडायची नाही, ती झोपते. द्वादशीला खुडायची नाही, पौर्णिमा-अमावस्येला नाही. हे मला इतकं पाठ होतं की मी कधी त्याच्यावर विचारसुद्धा केलेला नव्हता. लसूण आणि कोंबडीचं मात्र मी मनाशी नीट वाटप केलं. शिजवण्याचं पाप शेफचं, खाण्याचं मुंबईचं, खुडण्याचं माझं. आपल्या वाट्याचं तेवढं आपण सांभाळावं, दुसऱ्याच्या पापात नाक खुपसू नये.

आता खुडायला मीच का? तर शेफनी आधी इस्माईलचाचांना सांगितलं होतं. चाचा जातीनं आणि कामानं बागवान. बावीस वर्षं त्या जागेवर, पेरूच्या बागेपासून. ते म्हणाले, "लावीन, पाणी घालीन, खत घालीन. खुडायचं मला सांगू नका."

"का?"

"नाही जमायचं."

शेफना वाटलं, माळी लोकांची काही कामाची वाटणी असेल. म्हणून टोपली माझ्याकडे आली.

शेफचा नियम एकच होता. ऑर्डर आली की वाफ्यावर जायचं, खुडायचं आणि दहा मिनिटांत पान कढईत. दुपारच्या जेवणाला त्यात काही अडचण नव्हती. पण रात्रीची जेवणं सुरू झाली आणि पहिली ऑर्डर आली आठ वाजता. तेव्हा सूर्य मावळून चांगला तासभर झाला होता.

मी त्याच्यावर तोड काढली. रोज दुपारी चारला, शेफ वामकुक्षी घेत तेव्हा, रात्रीची सगळी पानं खुडायची आणि डब्यात भरून कोठीतल्या फ्रिजमध्ये खाली, बटाट्यांच्या पिशवीमागे ठेवायची. ऑर्डर आली की टोपली घेऊन लगबगीनं बाहेर पडायचं, कोठीतून डबा काढायचा आणि पाण्याच्या टाकीमागे उभं राहून तीनशे आकडे मोजायचे. मग धापा टाकत आत यायचं. द्वादशी, पौर्णिमा, अमावस्या असली की आदल्या दिवशीच खुडून ठेवायची. शिळेपणाची मला चिंताच नव्हती. गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान कधी शिळं होत नाही, हे कुणालाही विचारा.

पण डबा उघडला की पानं काळी निघायची. पहिल्या दिवशी कडा काळ्या, थंडी सुरू झाल्यावर अख्खी.

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. कृषी केंद्रातला माणूस येऊन बुरशी आहे म्हणाला. कडुनिंबाचं तेल फवारलं. दुसरा म्हणाला पाणी जास्त होतंय, तिसरा म्हणाला कमी. शेफनी सकाळी स्वतःच्या हातानं पानं खुडून तपासायला पाठवली. अहवाल आला की झाडं ठणठणीत आहेत. दुपारी हिरवं आणि रात्री काळं, असा रोग जगात कुठे आहे का, म्हणून त्यांनी इटलीला फोन लावला. एक वही केली. तिच्यात रोज काळेपणाला दहापैकी मार्क द्यायचे. एके दिवशी ती ओट्यावर उघडी पडली होती. लिहिलं होतं, 'पौर्णिमेला आणि अमावस्येला रोग वाढतो. चंद्राचा संबंध?'

चाचा बिचारे संध्याकाळ झाली की वाफ्यांवर गोणपाटं पांघरायचे. पहाटे दव झटकायला उठायचे. राख टाकून पाहिली, माती बदलून पाहिली. त्यांच्याशी बोलताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळू लागले होते.

मी सांगितलं का नाही, असं कुणीही विचारेल. चीजचा तुकडा पदरात नेला म्हणून भांडीवालीला त्याच महिन्यात काढलं होतं. आणि दुसरं म्हणजे, मला ती नोकरी फार आवडायची. मी तोवर लोकांच्या मळ्यात द्राक्षांची विरळणी करत होते, तिथे मला 'ए बाई' म्हणायचे. इथे मला पांढरा एप्रन मिळाला होता आणि त्याच्यावर निळ्या दोऱ्यानं 'मथुरा थेटे' असं नाव भरलेलं होतं. माझं नाव शिवून लावलेली अशी ती माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू.

खारकेचा प्रश्न झाला त्या दिवशी गुरुवार होता. मालक आलेले होते. त्यांनी ते पान पाहिलं आणि फार आवाज न चढवता म्हणाले, "शनिवारी माझे अठरा पाहुणे आहेत. त्या दिवशी ताटात एक जरी काळं पान दिसलं, तर सोमवारपासून बाग नर्सरीवाल्याकडे. चाचा, तुम्ही आता आराम करा. वय झालंय."

आराम करा म्हणजे खोली सोडा. ती खोली माळ्याच्या नोकरीची होती. चाचांचा मुलगा रफीक मालेगावला असायचा, अब्बा इकडे या म्हणून मागे लागलेला. पण चाचांची बायको हलीमाचाची जवळच्या गिरणाऱ्याच्या कब्रस्तानात होती आणि चाचा दर शुक्रवारी सायकलवर डबे बांधून तिला पाणी घालून यायचे. म्हणजे तिच्या कबरीवर लावलेल्या रोपाला. मालेगावहून दर शुक्रवारी सायकलवर येता येत नाही.

"जी," एवढंच चाचा म्हणाले आणि ते काळं पान खिशात घालून बाहेर गेले.

शुक्रवारी कार्तिकी एकादशी. मला उपास. शनिवारी द्वादशी, तुळशीच्या लग्नाचा दिवस, म्हणून मी शुक्रवारीच चारला शनिवारची पानं खुडली. या वेळी फडक्यात गुंडाळली, वर ओलं फडकं, आणि डबा फ्रिजच्या अगदी मागे, जिथे गार जास्त, तिथे ठेवला. म्हटलं, देवा, आजच्या एवढं हिरवं ठेव. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला डबा उघडला तर आत चिंच.

शेफनी ऑर्डर सांगितली. "पहिल्यातले चाळीस शेंडे, दुसऱ्यातले मूठभर, तिसरी-चौथी-पाचवी वीस-वीस. आणि सहाव्यातली दोन मुठी, खिम्याला. पळा."

मी टोपली घेऊन निघाले. टाकीपाशी थांबले नाही. दोनशे पावलं चालून थेट वाफ्यांवर गेले. त्या वेळेला मी तिथे पहिल्यांदाच जात होते.

चाचा नमाज आटोपून उपड्या घमेल्यावर बसले होते. शेजारी कंदील. सहाव्या वाफ्यावर दोन उभे ऊस रोवून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधलेले होते.

"ऊस कुणी लावला, चाचा?"

"मीच. जुन्या मालकीणबाई होत्या तेव्हा दर साली आणून द्यायचो. त्यांचं सगळं चालायचं, अंतरपाट, मंगलाष्टकं. मी लांबून बघायचो. सवय हाये." मग म्हणाले, "खुड लवकर. शेफ ओरडंल."

मी खाली मातीत बसले. "चाचा, मी नाही खुडत. संध्याकाळी मी कधीच खुडत नाही."

"म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. फ्रिज, बटाटे, तीनशे आकडे, सगळं. सांगताना रडू आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. सांगून झाल्यावर चाचांनी खिशातून गुरुवारचं ते काळं पान काढलं, आता त्याचा भुगा झाला होता, आणि कंदिलाच्या उजेडात पाहिलं.

"फ्रिजमुळं?"

"हो."

"झाडामुळं नाही?"

"नाही हो चाचा. झाडं सोन्यासारखी आहेत तुमची."

ते म्हणाले, "मला वाटलं, हलीमा गेली आणि माझ्या हाताचा गुण गेला. अडीच महिने तेच वाटू राह्यलं. म्हटलं, आता लावलेलं जगायचं नाही माझ्याच्यानं."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी गेली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं.

"चाचा, तुम्ही मला चार वाजता खुडताना कधी पाहिलं नाही?"

"रोज पाह्यचो."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, सासूच्या देवाला नेती. माळकरी बाई, तिला तुळस लागत आसंल. शेफला सांगावं तर तो चोरी म्हणंल, त्या भांडीवालीचं झालं तसं तुझं होईल. देवाच्या पानासाठी कुणाची भाकरी जावी का?"

म्हणजे मी माझं लपवत होते आणि चाचाही माझंच लपवत होते. बळी चाचांचा चालला होता आणि त्याला आम्ही दोघं मिळून हातभार लावत होतो.

स्वयंपाकघरातून शेफची हाक आली. चाचा उठले.

"बरं, आता ऐक. या पाच वाफ्यांतली तुझी तुळस नाही. हा सब्जा. फालुद्यात ते फुगलेलं काळं बी आसतं ना? ते याचं."

मी फालुदा आयुष्यात निदान पन्नास वेळा खाल्ला होता. एकदा तर आषाढी एकादशीला, दूध आहे म्हणून.

"मग चाचा, सब्जा आहे तर तुम्ही का नाही खुडत?"

"आमच्यात हा कबरीवर लावतात," ते म्हणाले. "बी खातो. पान नाही खात, आन् दुसऱ्याच्या पोटासाठी खुडतही नाही. माझ्या आईवर हाये, हलीमावर हाये. तिच्यावरचं पान तोडून कुणाच्या शेवयात घालू?"

शेफची दुसरी हाक आली.

"आसं कर," चाचा म्हणाले. "तू माझा सब्जा खुड, तुझ्यावर त्याचं काही नाही. मी तुझी तुळस खुडतो, माझ्यावर तिचं काही नाही. कुणाचंच काही मोडत नाही."

मला तो हिशेब एकदम पटला. अजूनही पटतो. मी पाचही वाफ्यांत भराभरा शेंडे खुडले. हाताला अत्तरासारखा वास लागला. संध्याकाळच्या गारव्यात पानं अशी ताठ आणि हिरवीगार होती की मला माझीच लाज वाटली. चाचा कात्री घेऊन सहाव्या वाफ्याकडे गेले. मी टोपली भरून पाहते तर ते उसाच्या मांडवासमोर तसेच उभे.

"काय झालं?"

ते रिकाम्या हातांनी परत आले. "नाही जमलं," म्हणाले. "कार्य हाये आज तिचं. लग्नाच्या दिवशी नवरीला कात्री कशी लावायची?"

मग आम्ही दोघं आत गेलो. चाचा दारातच थांबले, स्वयंपाकघरात ते कधी येत नसत. मी टोपली ओट्यावर ठेवली. शेफनी एक पान उचललं, दिव्याखाली धरलं, हुंगलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू बोटीवरून कुणी घरी आलंय.

"हिरवं!" ते म्हणाले. "चाचा, काय केलंत?"

चाचा काही बोलणार तेवढ्यात मी बोलले. "त्यांनी काही केलं नाही. कधीच केलं नव्हतं. पानं माझ्यामुळे काळी पडत होती." आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी लवकर संपलं.

शेफनी कढईखालचा गॅस बारीक केला.

"फ्रिजमध्ये?"

"हो."

"चार डिग्रीला?"

"डिग्री मी पाहिली नाही."

"मथुराबाई, बेसिल फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. तिला थंडी सोसत नाही. अगदी पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"मला शिकवलं होतं की तुळस शिळी होत नाही."

"कुणी?"

"सगळ्यांनी."

शेफनी मागच्या खिशातून ती वही काढली. "म्हणजे पौर्णिमेला..."

"पौर्णिमेला खुडत नाहीत. आदल्या दिवशीची असायची."

"अमावस्या?"

"तेच."

त्यांनी चंद्राचं पान फाडलं, चार घड्या घातल्या, कचऱ्यात टाकलं. मग परत काढून खिशात ठेवलं. कुणाच्या हाती लागलं तर इटलीच्या फोनसकट हसं होईल, असं त्यांना वाटलं असावं.

"आणि सहाव्यातली कुठे आहे? खिम्याचं काय?"

"ती आज नाही मिळायची, साहेब," दारातून चाचा म्हणाले. "तिचं लग्न हाये."

शेफ आधी चाचांकडे आणि मग माझ्याकडे बघू लागले. "आज द्वादशी?" त्यांनी हळूच विचारलं. "आई सकाळी फोनवर काहीतरी सांगत होती. आवळा, चिंच, ऊस... मी घाईत होतो." मग त्यांनी थायलंडची, पाचव्या वाफ्यातली पानं मूठभर घेतली आणि खिम्यात टाकली. अठरा पाहुण्यांपैकी एकानंही ओळखलं नाही. दोघांनी तर परत मागून घेतला.

मालक आत येऊन म्हणाले, "कर्णिक, पानं काय सुंदर आहेत! रोग सापडला?"

"सापडला," शेफ म्हणाले. "फ्रिजमध्ये होता."

"दुरुस्त करून घ्या," मालक म्हणाले आणि पाहुण्यांकडे गेले. चाचांचं नाव त्या दिवसापासून पुन्हा कुणी काढलं नाही.

मला शेफनी सांगितलं, "सोमवारी सकाळी मला भेटा." रविवारभर मी घरी एप्रन धुतला, वाळवला, इस्त्री केली, म्हणजे परत देताना चांगला असावा. नाव उसवून द्यायचं की तसंच, ते मला कळत नव्हतं. सोमवारी गेले तर ओट्यावर काचेचे सहा पेले पाणी भरून ओळीनं मांडलेले. जुड्या फुलांसारख्या देठांनी पाण्यात उभ्या ठेवायच्या, बाहेर, सावलीत, हे त्यांनी मला दाखवलं. दोन-दोन दिवस टिकतात. मग त्यांनी पेस्टोचा चमचा माझ्यापुढे धरला.

"चव बघा. तुळस नाहीये, कळलं ना आता?"

मी बघितली. इतके दिवस मी तो वाटत होते आणि जिभेला लावलेला नव्हता. लसणीच्या ठेच्याला कुणीतरी चांगल्या घरचं वळण लावावं, तशी चव. मला फार आवडली. मीठ कमी होतं, तेही मी सांगितलं. त्या दिवसापासून बेसिलचं काहीही केलं की शेफ आधी मला चाखायला लावायचे. पहिलीचं पान पावसाळ्यात पाणचट होतं, चौथी फुलावर आली की कडवट होते, हे मला जिभेवर कळायचं. शेफ पाहुण्यांना सांगायचे, बेसिलचं मला नाही, मथुराबाईंना विचारा.

आणि खिमा त्यांनी दुपारच्या जेवणात नेला. मेनूवर खाली लिहिलं, 'फक्त सूर्यास्तापर्यंत. द्वादशी, पौर्णिमा, अमावस्या उपलब्ध नाही.' बाकी काही कारण दिलं नाही. पुढे मुंबईच्या कुणीतरी त्याच्यावर लिहिलं की शेफचं उजेडाशी आणि चंद्राशी काही गूढ नातं आहे, आणि लोक तो खिमा खायला भल्या पहाटे गाडी काढून येऊ लागले. सहावा वाफा मी दिवसाउजेडी खुडायची, उरलेले पाच संध्याकाळी. चाचा पाणी घालायचे. दरवर्षी द्वादशीच्या लग्नाला ऊस त्यांचा आणि अंतरपाट माझा, म्हणजे माझा एप्रन. नाव वरच्या बाजूला करून धरायचो.

पुढे शेफ पुन्हा बोटीवर गेले. मी गिरणारे रस्त्याला माझं स्वतःचं लहानसं हॉटेल काढलं. सहा टेबलं आहेत, मागे सहा वाफे आहेत. बी चाचांनी दिलं, रुमालात सहा गाठी मारून. ते मात्र शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिले आणि शुक्रवारी सायकलवर जात राहिले. सायकल झेपेना तेव्हा माझा मुलगा त्यांना मोटारसायकलवरून न्यायचा. पेस्टो कसा झालाय ते मी त्यांना दरवेळी सांगायची. ते मान डोलवायचे. खाल्ला कधी नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात, दिवेलागणीला, रफीक माझ्या दारात आला. डोक्याला रुमाल बांधलेला होता, त्यावरूनच मी समजले.

"दुपारी गेले," तो म्हणाला. "झोपेतच. आता अम्मीच्या शेजारी नेऊ राह्यलो. अब्बांनी सांगून ठेवलं होतं, माझ्यावरचा सब्जा मथुराकडून आणा. तिच्याकडची रोपं माझ्याच बियाची हायेत."

मी खुरपं घेतलं आणि मागे गेले. पहिल्या वाफ्यातलं सगळ्यात भरलेलं रोप पाहिलं, मुळांना धक्का लागू नये म्हणून लांबून माती धरली आणि उचललं. मग आणखी चार वाफ्यांतलं एकेक उचललं. ओल्या गोणपाटात बांधून दिली. सहाव्या वाफ्याशी मी जरा थांबले. मग झोपलेल्याला उठवावं तशा तिथल्या मंजिऱ्या नुसत्या हातानं हलवल्या, बाकी काही केलं नाही. त्या दिवशी तिथी कोणती होती, ते मी घरात जाऊन पाहिलं नाही.

हॉटेल चालू आहे. पेस्टो रोज लागतो. मी खुडते, मी वाटते, काजू-लसूण सगळं माझ्या हातचं. मीठ अंदाजानं घालते आणि चव बघायला सुनेला हाक मारते.

अशी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्हीच बघा ना. तुमच्यासारखी जीभ आहे का कुणाची?"

"मी नाही खात," मी म्हटलं. "आमच्यात हा कबरीवर लावतात."

सुनेनं चमचा घेतला, चाखलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.